उष्टं, शिल्लक आणि तारापूर

सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो. आपली हिमरू शाल ६२१४ मध्ये, आपल्या एमआयडीसीतली बियर २२०३ मध्ये, जालन्याहून जाणारं भाजीपाल्याचं बियाणं १२०९ मध्ये. माझं पोट याच आकड्यांवर चालतं. वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्यांचा माल परदेशी जायचा असला की त्याची कागदपत्रं करणं हा माझा धंदा, त्यामुळे कस्टम्सचं टॅरिफ दिवसातून दहा वेळा उघडावं लागतं. (आता ते स्क्रीनवर असतं, पण आम्ही अजून 'पुस्तक'च म्हणतो.) घरच्या लग्नकार्यात कुणी "सध्या काय चाललंय?" विचारलं आणि मी वर्गीकरणावर बोलायला लागलो, की समोरचा दोन मिनिटांत जिलबीकडे वळतो. नातेवाईक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये!

मला मात्र हे पुस्तक वाचायला आवडतं. माणसाने जे जे म्हणून विकायला काढलं त्याची ती यादी आहे. जिवंत घोड्यांपासून जुन्या तैलचित्रांपर्यंत सगळं त्यात सापडतं. आणि त्यातल्या एका नोंदीपाशी मी दर वेळी थबकतो. २८४४.५०. 'अणुभट्ट्यांमधील वापरलेल्या, किरणित इंधनकांड्या.' या आकड्याचं शिपिंग बिल भरायची वेळ माझ्यावर कधी येणार नाही, हे उघडच आहे. पण या एका ओळीच्या मागे एक मोठी गोष्ट आहे आणि तिचा बराचसा भाग आपल्याच महाराष्ट्रात, तारापूरला घडलेला आहे. आजचं लिखाण त्याबद्दल.

आधी थोडं आकड्यांविषयी. पूर्वी प्रत्येक देशाची आपापली यादी असे. एकाच वस्तूला इथे एक नाव, तिथे दुसरं. मग ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने सगळ्यांसाठी मिळून एक पद्धत तयार केली. १ जानेवारी १९८८ पासून ती जगात लागू झाली. भारताने तर दोन वर्षं आधीच, १९८६ मध्ये, आपलं टॅरिफ त्या साच्यात बसवून घेतलं. पहिले सहा आकडे सगळ्या जगाचे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. आपण एकूण आठ आकडे वापरतो.

हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. समजा, गाडीत बसणारा रबराचा एक बुश आहे. तो रबराची वस्तू म्हणून ४०१६ मध्ये घालायचा, की मोटारीचा सुटा भाग म्हणून ८७०८ मध्ये? अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षं खटले चालतात. कारण नाव बदललं की कर बदलतो, परवाना बदलतो, कधीकधी मालकही बदलतो. वस्तू काय आहे हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात कुणाचा तरी पैसा आणि कुणाची तरी डोकेदुखी लपलेली असते.

आता अणुइंधनाचा प्रवास या आकड्यांतून बघा. जमिनीतून निघालेलं युरेनियमचं खनिज २६१२ मध्ये. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेलं नैसर्गिक युरेनियम २८४४.१० मध्ये. समृद्ध केलेलं युरेनियम २८४४.२० मध्ये. त्याच्या गोळ्या करून, धातूच्या नळ्यांत भरून इंधनकांडी तयार झाली की ती एकदम रसायनांच्या प्रकरणातून उठून यंत्रांच्या प्रकरणात जाते, ८४०१.३० मध्ये. हे ८४ वं प्रकरण म्हणजे पंप, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचं. म्हणजे नवी कोरी इंधनकांडी ही कायद्याच्या दृष्टीने पंपाच्या भावकीतली!

ती भट्टीत जाते, काही वर्षं जळते, बाहेर येते. दिसायला तशीच. तीच नळी, तीच लांबी. पण आता ती पुन्हा रसायनांत जाऊन बसते, २८४४.५० मध्ये. ही मोठी गंमत आहे, कारण टॅरिफमध्ये सहसा वस्तू वापरली म्हणून तिचं प्रकरण बदलत नाही. जुनी मोटार मोटारच राहते. जुना टायर नव्या टायरच्या शेजारच्याच घरात राहतो. फारच खराब झालं तर भंगारात जातं, आणि भंगारासाठीही वेगळ्या जागा आहेत. लोखंडाचं भंगार ७२०४, प्लास्टिकचा कचरा ३९१५, शहराचा कचरा ३८२५. वापरलेल्या अणुइंधनाला मात्र भंगारात जागा नाही. ते बसवलंय त्याच २८४४ मध्ये, जिथे प्लुटोनियम बसतं. आणि त्या विभागाच्या सुरुवातीलाच टीप आहे की २८४४ मध्ये बसणाऱ्या वस्तू तिथेच बसतील, दुसऱ्या कुठल्याही शीर्षकाखाली जाणार नाहीत. एवढी कडक टीप फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते. उरलेल्या टाकाऊ किरणोत्सारी गाळासाठी २०२२ पासून २८४४.४४ हा वेगळा उपआकडाही आहे. म्हणजे यादी करणाऱ्यांना 'वापरलेलं' आणि 'टाकाऊ' यातला फरक नेमका ठाऊक होता.

तो फरक काय?

आपल्या अणुऊर्जा खात्याच्या हिंदी कागदांत या वस्तूला 'भुक्तशेष ईंधन' म्हणतात. भुक्तशेष, खाऊन उरलेलं. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. मराठीत खाऊन उरलेल्याला किती शब्द आहेत! पातेल्यात राहिलं ते उरलेलं. रात्रभर राहिलं ते शिळं. ताटात राहिलं ते उष्टं. ताटाला लागलं ते खरकटं. शिळ्या पोळीचा सकाळी फोडणी देऊन झकास कुस्करा होतो. उष्टं दुसऱ्याला वाढत नाहीत. खरकटं धुऊन टाकायचं. घरातल्या बाईला हे सगळं न शिकवता कळत होतं. जगातल्या दोन मोठ्या देशांना मात्र तारापूरच्या बाबतीत ते तीस वर्षं ठरवता आलं नाही.

तारापूरसारख्या भट्टीतून निघालेल्या वापरलेल्या इंधनात साधारण ९५ टक्के युरेनियमच असतं. एखादा टक्का प्लुटोनियम तयार झालेलं असतं. उरलेले तीन-चार टक्के म्हणजे अणू फुटून झालेले तुकडे, तेच खरं जहाल खरकटं. म्हणजे शंभरातलं पंच्याण्णव-शहाण्णव परत वापरता येईल असं. ते वेगळं करण्याला पुनर्प्रक्रिया म्हणतात. आमच्या भाषेत, पोळीचा कुस्करा. अडचण एवढीच की यातून जे प्लुटोनियम हाती येतं त्यातून वीजही होते आणि बॉम्बही.

होमी भाभांची सगळी योजना या कुस्कऱ्यावर उभी होती. आपल्याकडे युरेनियम बेताचं, थोरियम भरपूर. पहिल्या टप्प्यात युरेनियम जाळायचं, त्यातून निघालेलं प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यात वापरायचं, मग तिसऱ्यात थोरियमकडे जायचं. म्हणून तर वीजकेंद्र सुरू व्हायच्याही आधी, १९६४ च्या सुमाराला, तुर्भ्याला पुनर्प्रक्रियेचा कारखाना तयार झाला होता. भारताच्या दृष्टीने वापरलेलं इंधन ही पहिल्यापासून शिल्लक होती. पुढच्या पिढीसाठी डब्यात काढून ठेवलेली.

तारापूर आपल्याला शाळेत भेटतं ते चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून तिथला किल्ला घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र उभं राहिलं. ८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये भारत-अमेरिका करार झाला. मुदत तीस वर्षं. जनरल इलेक्ट्रिकने दोन भट्ट्या दिल्या. २८ ऑक्टोबर १९६९ ला केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. एकेका भट्टीत इंधनाचे २८४ जुडगे, एकेका जुडग्यात ३६ कांड्या.

आम्हा कागदवाल्यांना करार वाचायची खोड असते. हा करार वाचण्यासारखाच आहे. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, तारापूरला लागणारं सगळं समृद्ध युरेनियम अमेरिका देईल आणि भारत तिथे तेच वापरेल. दुसरी, वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया भारतात करायची तर देखरेख नीट होऊ शकते असं दोघांनी मिळून ठरवायचं. तोवर कांड्यांचं रूप किंवा आतला माल बदलायचा नाही. तिसरी, त्यातून निघालेलं प्लुटोनियम भारताच्या गरजेपेक्षा जास्त झालं तर ते विकत घ्यायचा पहिला हक्क अमेरिकेचा.

१९६३ मध्ये यात कुणाला खोट दिसली नसणार. तेव्हा पुनर्प्रक्रिया ही सगळीकडे होणारच अशी समजूत होती. 'दोघांनी मिळून ठरवायचं' म्हणजे जाऊन बघायचं, सही करायची, संपलं. वापरलेलं इंधन काही काळ पाण्याच्या टाकीत थंड होईल, मग कारखान्यात जाईल, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. भारताने तर तारापूरलाच सत्तरच्या दशकात पुनर्प्रक्रियेचा कारखाना बांधला. टाकीच्या शेजारी कारखाना, आणखी काय पाहिजे?

१८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि सगळं फिरलं. त्या स्फोटाचं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. ते तुर्भ्याच्या सायरस भट्टीतलं होतं, भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. पण एकदा विश्वास उडाला की मग कुणाच्या घरचं होतं हे कोण विचारतं? १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही. कायदा नवा, करार जुना, आणि कायदा कराराच्या वर.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीला आले होते. मोरारजी पंतप्रधान. चर्चेत मोरारजी हटले नाहीत. (मोरारजींचा हट्ट महाराष्ट्राला सांगायला नको.) नंतर कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला हळूच म्हणाले की परत गेल्यावर यांना एक थंड आणि रोखठोक पत्र पाठवावं लागेल. जवळचा माइक चालू होता. जगभर बातमी झाली.

पुढची काही वर्षं तारापूरच्या इंधनाची एकेक खेप म्हणजे एकेक महाभारत होतं. मी धंद्यात अडकलेले कंटेनर पुष्कळ पाहिले आहेत, पण असा कंटेनर नाही. १९७८ मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगात परवान्यावर दोन विरुद्ध दोन मतं पडली आणि कार्टरना स्वतःच्या अधिकारात माल सोडावा लागला. १९८० च्या मे महिन्यात आयोगाने ३८ टनांना एकमताने नकार दिला, कार्टरनी तो नकार फिरवला, मग प्रतिनिधीगृहाने कार्टरना फिरवलं, आणि अखेर सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी माल सुटला. दोन मतं! मुंबईच्या आणि गुजरातच्या घरांतला उजेड वॉशिंग्टनच्या दोन मतांवर अडकला होता. १९८२ मध्ये इंदिरा गांधी रेगनना भेटल्या तेव्हा तोडगा निघाला की अमेरिकेच्या जागी फ्रान्सने इंधन द्यावं. पुढे १९९३ पर्यंत फ्रान्सने दिलं, १९९५ मध्ये चीनने, २००१ पासून रशियाने.

इतिहासात हा येणाऱ्या इंधनाचा भाग पुष्कळ रंगवून सांगितलेला असतो. निघालेल्या इंधनाचं काय झालं हे मात्र तळटिपांत जातं. आणि मला तर तोच भाग जास्त बोलका वाटतो.

अमेरिकेने 'दोघांनी मिळून ठरवायचं' या कलमावर सही केली नाही. नकारही दिला नाही, होकारही दिला नाही. ठरवलंच नाही. त्यामुळे शेजारी कारखाना उभा असूनही तारापूरचं इंधन त्यात जाऊ शकलं नाही. गंमत म्हणजे त्या कारखान्यात राजस्थानच्या भट्टीतलं वापरलेलं इंधन आणून त्यावर प्रक्रिया झाली. शेकडो किलोमीटर दूरचा माल आत गेला आणि कुंपणापलीकडचा बाहेर राहिला. एकाची मालकी साफ होती, दुसऱ्याची नव्हती, एवढंच.

मग अमेरिकेने हा माल परत न्यायचा होता. १९७७ मध्ये कार्टर सरकारने जाहीरही केलं होतं की वापरलेलं इंधन सरकार ताब्यात घेईल, थोडंफार परदेशांतलंही. तारापूरचं इंधन उचलण्याबद्दल बोलणी झाली. पण नेणार कुठे? त्यांच्याच देशात कुणी आपल्या अंगणात ते ठेवू द्यायला तयार नव्हतं. आजही अमेरिकेत वीजकेंद्रांच्या वापरलेल्या इंधनासाठी कायमची जागा नाही. भारताकडून युक्तिवाद होत राहिला की आम्हाला वापरू द्या, नाहीतर घेऊन जा, नाहीतर सांभाळण्याचा खर्च द्या. यातलं काहीच झालं नाही.

आमच्या धंद्यात याला एक शब्द आहे, डेमरेज. बंदरात माल पडून राहिला की रोजचं भाडं चढत जातं आणि ते कुणीतरी भरावंच लागतं. तारापूरचं डेमरेज आपण भरलं. टाकी भरत आली तशा आतल्या जाळ्या दाटीवाटीने बसवून जागा वाढवली. मग कोरड्या पिपांत ठेवायची सोय केली. मग भट्टीपासून वेगळी साठवणीची टाकी बांधली. पाणी स्वच्छ ठेवायचं, थंड ठेवायचं, मोजायचं, आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले की एकेक जुडगा दाखवायचा. वर्षानुवर्षं.

ऑक्टोबर १९९३ मध्ये कराराची तीस वर्षं संपली. अमेरिकेचं म्हणणं, करार संपला तरी त्या इंधनावरच्या अटी संपत नाहीत. भारताचं म्हणणं, करार संपला म्हणजे अटी संपल्या. तरीही भारताने १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी नवा करार करून तारापूरवरची तपासणी आपणहून चालू ठेवली. कागदावर हक्क कुणाचा याचा निकाल लागला नाही. निकाल न लावता दोघं पुढे गेले. आपल्याकडे भाऊबंदकीत सामाईक विहिरीचं असंच होतं, नाही का?

जगात सगळीकडे असं अडलं नाही, हेही सांगायला हवं. जपानने १९६९ पासून सुमारे तीन दशकं आपलं वापरलेलं इंधन, जवळजवळ ७,००० टन, खास जहाजांनी फ्रान्समध्ये ला आग आणि इंग्लंडमध्ये सेलाफिल्डला पाठवलं. २८४४.५० या ओळीचा खरा व्यापार म्हणजे मुख्यतः हा. पण त्यातली अट बघण्यासारखी आहे. मालकी पाठवणाऱ्याचीच राहायची. तिकडे वेगळं केलेलं प्लुटोनियम जपानचं आणि काचेत गोठवलेलं खरकटंही जपानचं. १९९२ च्या नोव्हेंबरात 'आकात्सुकी मारू' हे जहाज दीड टनाहून जास्त प्लुटोनियम घेऊन फ्रान्सच्या शेरबूर बंदरातून निघालं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून १९९३ च्या जानेवारीत जपानला पोचलं, तेव्हा वाटेतल्या कित्येक देशांनी आमच्या किनाऱ्याजवळून जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. जर्मनीने २००५ मध्ये इंधन बाहेर पाठवणं थांबवलं, पण काचेचे डबे परत येत राहिले आणि गोरलेबेनच्या वाटेवर हजारो लोक रुळांवर बसत राहिले. रशियाने इराणच्या बुशेहर केंद्राला इंधन दिलं ते २००५ च्या करारात वापरलेलं परत घेण्याच्या अटीवर.

या तिन्ही उदाहरणांत व्यवहार साफ आहे. भलेही भांडणं झाली, आंदोलनं झाली, पण उरलेलं कुणाचं आणि ते कुठे जाणार हे आधी ठरलेलं होतं. तारापूरच्या करारात दोघांनाही 'नाही' म्हणायचा हक्क होता आणि उचलून न्यायची जबाबदारी कुणावरच नव्हती. माझ्या मते १९६३ च्या कागदातली खरी उणीव ही होती. हक्क दोघांचा, ओझं एकाचं. आणि असं झालं की ओझं नेहमी त्याच्यावर पडतं ज्याच्या अंगणात वस्तू असते. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा बोईसरच्या दुकानदाराला या कलमांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

हे शहाणपण पुढे कामी आलं. १८ जुलै २००५ च्या बुश-मनमोहन सिंग निवेदनात तारापूरच्या इंधनाचा नावाने उल्लेख आहे. त्यानंतरच्या वाटाघाटींत अनिल काकोडकर आणि अणुऊर्जा खात्यातली मंडळी पुनर्प्रक्रियेच्या मुद्द्यावर का अडून बसली, हे तारापूर माहीत असल्याशिवाय कळत नाही. तेव्हा काहींना तो आडमुठेपणा वाटला. पण ज्याने तीस वर्षं दुसऱ्याच्या न आलेल्या सहीची वाट पाहिली तो पुढच्या कागदावर ती सही आधी मागणारच. १० ऑक्टोबर २००८ ला नव्या करारावर सह्या झाल्या आणि ३० जुलै २०१० ला पुनर्प्रक्रियेची वेगळी व्यवस्थाही ठरली. त्यात आंतरराष्ट्रीय तपासणीखालचा नवा, स्वतंत्र कारखाना अपेक्षित आहे. तत्त्वतः 'हो' यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. खाजगी कंपन्यांना अणुविजेचं दार उघडणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यानेही पुनर्प्रक्रिया सरकारकडेच ठेवली आहे. उष्ट्याचा हिशेब घरच्या मोठ्यानेच ठेवावा, तसं.

अमेरिकेकडे मात्र हा माल कधी गेला नाही. तिने पहिला हक्क मागून घेतला होता, पण तो बजावला नाही.

आपल्या भागाला व्यापाराचा इतिहास नवा नाही. पालघरच्याच किनाऱ्यावरच्या सोपाऱ्याहून आणि कल्याणहून माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे आपल्या पैठणला यायचा, दोन हजार वर्षांपूर्वी. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं आपण येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. जवळच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख आहे आणि त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरलेल्या आकड्यांपैकी आहेत. आकडे वाचता येतात. पण रांजण खरंच जकातीचा होता का, हे मात्र 'म्हणतात' यापुढे जात नाही. फक्त दोन हजार वर्षांत एवढी विस्मृती.

प्लुटोनियम निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. तारापूरचा करार तीस वर्षांचा होता. टॅरिफच्या याद्या दर पाच-सहा वर्षांनी बदलतात. तेव्हा २८४४.५० ही ओळ माणसाने लिहिलेल्या सगळ्या व्यापारी ओळींत बहुधा सगळ्यात तोकडी ओळ असावी. वस्तूचं नाव सांगते, किंमत सांगायला रकाना देते, पण शेवटी ती कुणी सांभाळायची हे सांगत नाही. ते सांगणं टॅरिफचं कामच नाही. ते करार करणाऱ्यांचं काम, आणि त्यांच्याकडून राहिलं तर मग पुढच्या कुणाचं तरी.

आजीने शिळ्या पोळीचा डबा झाकताना तो उद्या कोण उघडणार हे आधी ठरवलेलं असायचं. बहुतेक वेळा तीच उघडायची.

असो. आज फारच लांबलं. नात्यात किंवा ओळखीत कुणी तारापूरला नोकरी केलेली असेल तर त्यांना तिथल्या वसाहतीतल्या दिवसांबद्दल लिहायला सांगा. मला वाचायला आवडेल.